तीर नेहमी शेवटी

३ मार्च, सोमवार

ही वही आमच्या हिने आणून दिली. डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब चढला की माणसांवर ओरडण्यापेक्षा कागदावर ओरडा. मी ओरडत नाही, माझा आवाजच मुळात मोठा आहे, हे मी त्यांना जरा ठासून सांगितलं, तेव्हा बाहेर बसलेले दोन पेशंट दार उघडून बघायला आले. असो. लिहितो.

आमचं खातं नद्यांची पातळी मोजतं. एकशे चाळीस ठाणी, प्रत्येक ठाण्यावरून दर मिनिटाला एक आकडा, आणि हे गेली तीस वर्षं. हे सगळे आकडे ज्या डिस्कवर राहतात त्या माझ्या ताब्यात आहेत. त्या आता काठोकाठ भरल्यात. आज साहेबांनी बोलावून सांगितलं, नवीन डिस्क मिळणार नाहीत, विचारूसुद्धा नका. आहे तेच दाबून बसवा.

दाबून बसवणं म्हणजे फाईल लिहिताना यंत्रणेने आपोआप तिचा आकार लहान करायचा आणि वाचताना पुन्हा होती तशी उलगडायची. वापरणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही. अट एकच, हे झटपट झालं पाहिजे. पूर चढत असताना अंदाजवाले जुन्या नोंदी मागतात, तेव्हा त्यांना ताटकळत ठेवून चालत नाही. अशा तीन झटपट पद्धती आहेत. त्यांची तुलना करून वीस तारखेला समितीपुढे एक निवडायची.

मला ती आजच ठाऊक आहे. पण तुलना करायला सांगितलीय तर करू.

५ मार्च, बुधवार

पद्धतींची खरी नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. मी माझी ठेवलीत. एक पहिलवान, सगळ्यात जास्त दाबतो, पण अंगाने जड. दुसरी मधली, नावाप्रमाणेच. तिसरा तीर. दाबतो कमी, पण सुटला की सुटला. नऊ वर्षांपूर्वी जुन्या मशीनवर तीर मीच बसवला होता आणि त्यावर एका परिषदेत वीस मिनिटं बोललो होतो. शेवटी टाळ्या झाल्या. माझ्यानंतर जेवणाची सुट्टी होती, पण टाळ्या त्यासाठी नव्हत्या.

चाचणीचा शिरस्ता ठरवला. रोज दहा वाजता. एका ठाण्याच्या तीस वर्षांच्या नोंदींची एक मोठी फाईल. आधी पहिलवान, म्हणजे कटकट आधी उरकते. मग मधली. मग मी चहा घेतो आणि ताज्या डोक्याने तीर. तिन्ही वेळा तीच फाईल, म्हणजे कुणावर अन्याय नको.

आजचे आकडे: पहिलवान ९६ सेकंद, मधली ५२, तीर ४१. मला हसूच आलं.

६ मार्च, गुरुवार

पहिलवान ९६, मधली ५३, तीर ४१.

घरी आंघोळीच्या पाण्यावरून वाद. गीझर मागच्या गॅलरीत आणि बाथरूम घराच्या दुसऱ्या टोकाला. हिला औषधाचं दुकान आठला उघडायचं असतं, म्हणून ही सहाला आंघोळ करते. तिचं म्हणणं, गरम पाणी यायला युगं लागतात, बादलीभर गार पाणी वाया जातं, माणूस बोलवा. मी तिच्यामागून लगेच आत जातो, मला असं कधीच होत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कसं होईल?" म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही.

मी मोजणारा माणूस. उद्या घड्याळ लावून मोजणार आहे.

७ मार्च, शुक्रवार

मोजलं. नळ सोडल्यापासून कढत पाणी यायला आठ सेकंद. हिला आकडा सांगितला. ती काही बोलली नाही, डबा भरत राहिली. पुराव्यापुढे माणूस गप्प होतो हे पुन्हा दिसलं. गीझर उत्तम आहे, हिच्यात धीर नाही.

ऑफिसात ९५, ५२, ४१.

१० मार्च, सोमवार

माझ्या हाताखाली एक मुलगी आहे. वर्षाच्या करारावर आली, या महिनाअखेरीला करार संपतो. पुढे ठेवायची की नाही ते माझ्या फॉर्मवर अवलंबून. हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण हिचा प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्न. मी मनात तिला शंकेखोर म्हणतो. आईला घेऊन ती या नोकरीसाठी इथे आली, ऑफिससमोरच्या इमारतीत खोली घेतली. आईला दिसत नाही. दुपारी वीस मिनिटांत जाऊन आईला जेवायला घालून येते. कधीकधी बावीस होतात. मी नोंद ठेवतो, पण बोलत नाही.

आज ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, रोज हाच क्रम?"

"मग? शिस्त नको का?"

"नाही, म्हणजे, पहिलवानालाच रोज पहिला का पाठवायचा?"

"कुणीतरी पहिला जाणारच ना गं."

"हो, पण कुणीतरी रोज वेगळा जाऊ शकतो ना? नाहीतर प्रत्येक वेळी मशीन रिस्टार्ट करूया का, सर? एकदा डिस्कवरून वाचलेली फाईल मशीनच्या मेमरीत राहते. मग पुढच्याला ती आयती मिळते."

मी तिला सांगितलं, मी या मशीनांबरोबर सव्वीस वर्षं आहे, मेमरी म्हणजे काय ते मला माहीत आहे. ती "हो सर" म्हणाली. "हो सर" म्हणण्याची तिची एक पद्धत आहे, तिच्यात "हो" नसतं.

१२ मार्च, बुधवार

सकाळी रक्तदाब दाखवायला गेलो, डॉक्टरांकडे गर्दी, अकरा वाजले. पोहोचलो तर या बाईसाहेबांनी माझी चाचणी करून ठेवलेली. तीसुद्धा उलटी! तीर आधी, मग मधली, शेवटी पहिलवान. कागद माझ्या टेबलावर: तीर ८३, मधली ५३, पहिलवान ५५.

माझ्या तीराला त्र्याऐंशी! नऊ वर्षांत त्याने असलं काही केलेलं नाही.

तिला म्हटलं, "तुला कुणी सांगितलं होतं?"

"दहा वाजले, सर. तुम्ही म्हणाला होतात, वेळ चुकवायची नाही."

"आणि क्रम? तो चुकवायचा?"

"मला वाटलं, एकदा बघावं."

वाटलं! मी तिला समोर बसवून समजावलं की कामाची एक रीत असते, ती मोडली की आकडे बिघडतात, आणि बघ, बिघडलेच. खोलीतली बाकीची माणसं मान खाली घालून टाइप करत होती. कुणाच्याही पडद्यावर काही उमटत नव्हतं. तो कागद मी फाडला नाही, मी असला माणूस नाही. खणात ठेवला.

संध्याकाळी ही म्हणाली, "आवाज बसलाय तुमचा." मी म्हटलं, हवा बदललीय.

१७ मार्च, सोमवार

मुलीचा फॉर्म भरला. चार रकाने. कामाचं ज्ञान: चांगलं. हजेरी: नियमित. वागणूक: प्रश्न फार विचारते. चौथ्या रकान्यात शेरा लिहायचा असतो. बराच वेळ विचार केला. राग काढायचा नाही, जे घडलं तेच लिहायचं, असं ठरवून लिहिलं, "ठरलेला क्रम पाळत नाही." यात एक शब्दही खोटा नाही. साहेबांकडे पाठवून दिला.

दुपारी ती विचारायला आली, "सर, फॉर्म गेला का?" गेला म्हटलं. "थँक यू सर," म्हणाली. खोलीचा करार तिला या आठवड्यात पुढे वाढवायचाय, घरमालक विचारतोय. मी म्हटलं, बघ, तुला काय वाटतं ते कर. याहून जास्त मी काय सांगणार होतो?

अहवालही पुरा झाला. आठ दिवसांच्या चाचण्या. बारा तारखेचे आकडे वगळले, कारण ती चाचणी रीतसर नव्हती. निष्कर्ष: तीर इतर कुणाहीपेक्षा सरस, पहिलवानाच्या दुपटीहून वेगवान.

१९ मार्च, बुधवार

ही काल तिच्या बहिणीकडे गेली, दोन दिवसांसाठी. आज सकाळी घरात मी एकटा. सहाला उठलो, नळ सोडला, घड्याळ लावायची गरज नव्हती, खाली उभा राहिलो आणि किंचाळलो. बर्फ! आठ सेकंद झाले, वीस झाले, मिनिट झालं. साबण लावून मी कोपऱ्यात अंग चोरून उभा आणि बादलीत गार पाणी धो धो. शंभराव्या सेकंदाला कढत पाणी आलं. गीझर बिघडला म्हणून मी हिला फोन लावला.

ती म्हणाली, "बिघडला नाही हो. एवढ्या लांबच्या पाइपात रात्रभर गार पाणी साचलेलं असतं. ते आधी काढावं लागतं. रोज मी काढते. मग तुम्ही येता."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तुम्ही मोजत होता," ती म्हणाली.

फोन ठेवला आणि अंग पुसता पुसता पंचा हातातच राहिला. पहिलवान रोज गार पाणी काढतोय. माझा तीर मागून येऊन गरम पाण्याने आंघोळ करतोय, आणि मी घड्याळ लावून त्याची पाठ थोपटतोय.

खरं सांगायचं तर घाम फुटला. ऑफिसात दिवसभर कुणाशी बोललो नाही. मुलीने विचारलं, "बरं वाटत नाहीये का, सर?" काळजीने विचारलं, तेच जास्त लागलं.

उद्या समिती. उद्या सांगून टाकायचं. चुकलो तर चुकलो, माणूस आहे.

२० मार्च, गुरुवार

सांगणार होतो. अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण साहेबांनी सुरुवातच अशी केली, "या अहवालातली शिस्त बघा. रोज तीच वेळ, तोच क्रम, तोच माणूस. याला म्हणतात चाचणी." समितीतले सगळे माझ्याकडे बघून मान हलवायला लागले. आता या क्षणी उठून काय म्हणायचं? शिवाय एकाने विचारलं की तीर निवडला तर कुणाला नव्याने काही शिकावं लागेल का. मी नाही म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे उजळले. साडेसहा मिनिटांत निर्णय झाला. एक एप्रिलपासून सगळ्या डिस्कवर तीर.

वर साहेब म्हणाले, यापुढे खात्यातल्या सगळ्या चाचण्यांची नियमावली तुम्हीच लिहा. हात जोडून हो म्हटलं. टाळ्या झाल्या. जेवणाची सुट्टी नव्हती.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी मुलगी आईकडे गेली तेव्हा मी एकट्याने चाचणी केली. प्रत्येक वेळी मशीन बंद करून चालू केलं. तिला वीस मिनिटं लागतात, मला पंचवीस लागली, पण आज तिला यायला अठ्ठावीस लागली. मी नोंद केली नाही.

पहिलवान ९६, मधली ९४, तीर ८३. म्हणजे तीर पुढे आहे, पण तेरा सेकंदांनी. दुप्पट कसला! आणि जागा? पहिलवान आणि मधली दोघंही तीराच्या निम्म्यात बसवतात. दाबून लहान झालेली फाईल डिस्कवरून वाचायलाही कमी वेळ लागतो, तेही मोजून बघितलं. डोळे मिटून मधली निवडायला हवी होती. तीर बसवला तर दीड वर्षात डिस्क पुन्हा भरतील.

ही परत आली. जेवताना तिला सगळं सांगितलं, फॉर्मसकट. ती वाढता वाढता थांबली. "मग सोमवारी जाऊन सांगा ना."

मी म्हटलं, एवढं सोपं नसतं ते. ती म्हणाली, "कठीण आहे असं मी कुठे म्हणतेय, सांगा असं म्हणतेय."

२४ मार्च, सोमवार

साहेब दिवसभर बैठकीत. मी दोनदा जाऊन दाराशी उभा राहून आलो. दुसऱ्या वेळी दार उघडं होतं.

नियमावलीची सुरुवात केली. नियम पहिला: चाचण्यांचा क्रम रोज बदलावा व प्रत्येक चाचणीपूर्वी मशीन पुन्हा सुरू करावं. छान झालाय. खाली लिहिणाऱ्याचं नाव म्हणून माझं आपोआप येतं, तो रकाना मला बदलता येत नाही.

२५ मार्च, मंगळवार

तिला कळलं. करार वाढवला नाही. कागद हातात घेऊन ती माझ्या टेबलाशी आली. रडेल, भांडेल, मी तयारीत होतो. भांडली असती तर बरं झालं असतं.

"सर, क्रम पाळत नाही म्हणजे बारा तारखेचं ना?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

चुकलं तिचं! त्या वेळी माझ्या खणात तिचा कागद होता आणि त्याच्यावर माझा एकवीस तारखेचा कागद होता, दोन्ही एकमेकांना धरून. मी तिला म्हटलं, "अगं, तू हुशार आहेस, तुला कुठेही मिळेल." ती म्हणाली, एका धरणाच्या कार्यालयात अर्ज केलाय, तुमचं नाव दिलं तर चालेल का? चालेल म्हटलं. इतकं जोरात म्हटलं की शेजारचा दचकला.

खोली तिला तीस तारखेला सोडायचीय. आईला त्या खोलीतली वाट पाठ झाली होती, दारापासून पलंगापर्यंत सात पावलं, पलंगापासून मोरीपर्यंत चार. आता पुन्हा शिकवावं लागेल, असं ती सहज म्हणाली.

२९ मार्च, शनिवार

आज सुट्टी. दुपारी बाराला त्या धरणाच्या कार्यालयातून फोन आला. गृहस्थ बोलायला मोकळे. "मुलगी आम्हाला पसंत आहे हो, पण तुमच्या फॉर्मची प्रत आलीय. ठरलेला क्रम पाळत नाही, असं लिहिलंय तुम्ही. आमच्याकडे दरवाजे उघडायचे असतात साहेब, क्रम न पाळणारा माणूस आम्हाला परवडत नाही. काय प्रकार आहे हा?"

आणि मी सांगितलं. कसं कोण जाणे, पण सांगितलं. "क्रम माझाच चुकला होता. तिने पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं. मी ऐकलं नाही, वर शेरा मारला."

पलीकडे ते गृहस्थ मोठ्याने हसले. "काय साहेब! आपल्या माणसाला नोकरी लागावी म्हणून किती घ्याल अंगावर!"

"अहो, खरंच सांगतोय."

"तुमच्यासारखे वरिष्ठ आता राहिले नाहीत," ते म्हणाले. "पण माझा नाइलाज आहे. फोनवरचं मी फाईलला कसं लावू? असं करा, जे सांगितलंत ते दोन ओळींत लिहून, सही करून, फोटो पाठवा. पाचला आमची बैठक आहे. त्याआधी आलं तर तिचं नाव नक्की, नाहीतर दुसऱ्या एकाचं पुढे जाईल."

देतो म्हटलं. लगेच बसलो.

पहिला मसुदा सव्वा पान झाला. त्यात सगळं आलं, शहाण्णव, त्र्याऐंशी, बारा तारीख, समिती. वाचून बघितला. हा कागद फिरत फिरत आमच्या साहेबांकडे आला तर? मंगळवारपासून सगळ्या डिस्कवर तीर बसतोय. दुसरा मसुदा बारा ओळींचा. त्यात "चाचणीच्या पद्धतीबाबत आमच्यात काही तात्त्विक मतभेद होते" असं आलं. तेही वाचणाऱ्याचा उगाच गोंधळ करणारं वाटलं. तिसरा चार ओळींचा. "सदर मुलगी हुशार, मेहनती व प्रामाणिक आहे. तिच्या कामाबद्दल मला आदर आहे. तिची शिफारस करताना आनंद होतो. तिला शुभेच्छा." एकदम आटोपशीर. अर्थ तोच राहिला आणि आकार किती लहान झाला. सही केली.

ही दुकानातून आली तिला वाचायला दिला. तिने एकदा वाचला, उलटून मागे काही आहे का बघितलं.

"यात ते कुठाय?"

"काय?"

"तुमची चूक."

मी म्हटलं, "त्यांना दोन ओळीच हव्या होत्या गं. त्यात किती बसवणार? जागाच नव्हती."

तिने कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला. सहीच्या खाली पाऊण पान कोरं होतं. त्यावर तिने पेन ठेवलं आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत नाहीये, म्हणजे ती नुसती बसली असणार.

आता पाचला दहा मिनिटं आहेत. कागद समोर आहे. पेन माझ्या हातात आहे, आणि मी वही लिहितोय.